पावाच्या ट्रेवरचा ट्रान्समीटर

विजेचे मीटर तपासायच्या खात्यात त्याने जन्म काढला आणि तिथेच त्याला काटा हे नाव पडलं. तोंडावर सगळे साहेब म्हणायचे, पाठ वळली की काटा. ज्याने नाव ठेवलं त्याने डोकं वापरलं होतं. माणूस उंच, किडकिडीत, मान जराशी एका बाजूला कललेली. स्वभाव असा की एखादी वस्तू तिच्या जागेवरून केसभर सरकलेली दिसली तरी घास घशाखाली उतरायचा नाही. लोकांच्या घरी गेला की त्यांची घड्याळं न विचारता लावून द्यायचा. भिंतीवरचे फोटो सरळ करायचा. लग्नाची बोलणी एकदोनदा झाली होती म्हणे, पण प्रत्येक वेळी याला समोरच्या घरात काहीतरी कमी दिसलं, आणि शेवटी एका मुलीच्या वडिलांनी यालाच तपासून नापास केलं. मग राहिला तो राहिलाच.

त्याला हक्काचं माणूस म्हणजे थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची. ताईचे यजमान, म्हणजे याचे भाऊजी, बेकरीत भट्टीवर होते. रात्रभर पाव भाजायचे, सकाळी पिठाने माखलेले घरी यायचे, आणि सभ्य माणसाने झोपायचं सोडून अंगणापलीकडच्या मागच्या खोलीत शिरून तासभर रेडिओवर गप्पा मारायचे. हौशी रेडिओवाल्यांचा परवाना त्यांनी रीतसर परीक्षा देऊन काढला होता. बोलणं तोंडाने नव्हे, मोर्सच्या टिंब-रेघांनी. कुठल्या कुठल्या देशांतले लोक त्यांना ओळखायचे. शेजारी मात्र ओळखायचे ते पाववाले म्हणून.

ज्या यंत्रावर हे सगळं चालायचं ते भाऊजींनी स्वतः जोडलं होतं, आणि ते पाहिलं की काटा तोंड फिरवायचा. खाली बेकरीतला पाव भाजायचा जुना ट्रे उलटा घातलेला. त्याला भोकं पाडून मोडीतल्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, म्हणजे त्या बल्बसारख्या काचेच्या नळ्या, उभे केलेले. कॉइल गुंडाळलेली होती ती लाटण्याच्या तुकड्यावर, मेण पाजलेल्या! पुढची पाटी पिठाच्या डब्याच्या पत्र्याची, तिच्यावर अर्धवट खरवडलेल्या गव्हाच्या लोंब्या. आणि डायलचं बटण चक्क भट्टीच्या दाराचं.

"भाऊजी, हे यंत्र आहे का न्याहारी?" असं काटा म्हणायचा.

"चालतंय ना?" असं भाऊजी म्हणायचे. त्यांचं सगळ्यावर एकच उत्तर.

चालायचं, पण सरळ चालायचं नाही. मोर्सची चावी, म्हणजे दाबायची ती पितळी पट्टी, दाबली की दुसऱ्यांच्या ट्रान्समीटरमधून सरळसोट 'टी' निघायचा. भाऊजींच्यातून निघायचा 'टिऊ'. सूर खालून उचलला जायचा आणि मग जागेवर बसायचा. चावी दाबली की वीज जास्त ओढली जायची, दाब क्षणभर ढेपाळायचा, आणि सूर घसरायचा. एवढं साधं कारण. जगभरचे हौशी रेडिओवाले भाऊजींना त्यावरून चिडवायचे, आणि ताई त्या आवाजाला चिमणी म्हणायची.

ताईला मोर्स येत नव्हतं. पण भाऊजींनी स्वयंपाकघरात फळीवर तिच्यासाठी एक छोटा रिसीव्हर बसवून दिला होता, एकाच जागी खिळवलेला, फिरवायला बटणसुद्धा नाही. सकाळी त्यातून टिंब-रेघांचा पाऊस पडत असायचा. शेवटी निरोपाची एक ठरलेली खूण वाजवायची असते, ती तेवढी ताईला पाठ होती. चिमणीने ती खूण वाजवली की ताई चहाचं आधण ठेवायची. चहा झाला की खिडकीतून हाक मारायची, "अहो, या आता, गार होतोय!" मागच्या खोलीतून एरियल काढून, म्हणजे हवेत काही न सोडता, चावी दोनदा दाबली जायची, टिऊ टिऊ, म्हणजे आलो. आणि भाऊजी यायचे नाहीत. पहिल्या हाकेला ते कधी उठले नाहीत. दुसरी हाक जरा चढ्या आवाजात जायची, तेव्हा स्वारी हलायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि दोघांपैकी कोणालाही त्यात सुधारणा करावीशी वाटली नाही.

सुधारणा करावीशी वाटली ती काट्याला. एका वाढदिवसाला त्याने भाऊजींना एक व्हॉल्व्ह आणून दिला. कुठून कुठून शोधून, ओळखी लावून मिळवलेला. आत वायू भरलेला, पेटला की जांभळा उजेड पडायचा. त्याचं काम एकच, विजेचा दाब एका जागी धरून ठेवायचा, हलू द्यायचा नाही. हा बसवला की सूर सरळ. काट्याने आयुष्यात कोणाला एवढ्या जिवाभावाने काही दिलं नव्हतं. भाऊजींनी तो उजेडात धरून पाहिला, "वा!" म्हणाले, "बसवतो हं," म्हणाले.

महिनाभराने काटा गेला तर स्वयंपाकघरात आपली चिमणी ओरडतेच आहे. टिऊ, टिऊ. मागच्या खोलीत डोकावला. ट्रेवर व्हॉल्व्हसाठी भोक पाडलेलं, खाली बैठक बसवलेली, आणि बैठक रिकामी.

तो तसाच मागे फिरला. पण मनात गाठ बसली ती बसली. दिलेली वस्तू माणसाने वापरू नये? बैठक बसवण्यापर्यंत काम करायचं आणि पुढे कंटाळा? का मेव्हण्याने आणलेलं म्हणून नको? त्यानंतर तो ताईकडे जायचा, चहा घ्यायचा, घड्याळ लावायचा, पण अंगण ओलांडून मागच्या खोलीत त्याने पाऊल टाकलं नाही. भाऊजी म्हणायचे, "या की तिकडे." हा म्हणायचा, "बघू." ताकास तूर लागू दिली नाही. पुढे भाऊजी गेले, झोपेत, अगदी सहज, आणि मागच्या खोलीला कुलूप लागलं.

एवढ्यावर हे संपलं असतं. पण ताईची मुलगी, काट्याची भाची, तिने ठरवलं की आता आईने एकटं राहायचं नाही. घर द्यायचं, आईला आपल्याकडे दूर घेऊन जायचं. तिचं म्हणणं वावगं नव्हतं. ताईचे गुडघे बोलायला लागले होते. सामान निघायचा दिवस ठरला. त्या आठवड्यात ताईने भावाला बोलावलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "अरे, ते ह्यांचं मागचं यंत्र. जायच्या आधी एकदा चालू करून देशील? मला ते इथे बसून ऐकायचंय. तिकडे नेऊन काय उपयोग, तिकडे अंगण कुठाय."

"आणि नाही झालं तर?"

"तर नाही ऐकलं," ताई म्हणाली आणि भांडी कागदात गुंडाळायला लागली. तिने हट्ट केला असता तर त्याला सोपं गेलं असतं. अशी बोलली आणि याला झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन तो मागच्या खोलीत शिरला. आता निवृत्त माणूस, वेळच वेळ. ट्रान्समीटर उलटा केला तर आतून उंदराचं घरटं निघालं, चिंध्यांचं, बेकरीच्या कागदी पिशव्यांचं. वायरींवरचं रबर हात लावला की भुगा होत होतं. वीज साठवून धरणारे कंडेन्सर, त्यातले कागदी वितळून मेण गाळत बसलेले. मोठे कंडेन्सर वाळून खडखडीत. काटा नाक मुरडत, पुटपुटत, भाऊजींच्या नावाने बोटं मोडत वायरींच्या सांध्यांवरचा कथलाचा एकेक डाग उकलत गेला. डागही कसे, भज्यांएवढे! पण एक कबूल करायला हवं, एकही सुटलेला नव्हता.

वायरी बदलल्या, कंडेन्सर नवे घातले, तेही भाऊजींच्यापेक्षा दणकट. जुना वीजपुरवठ्याचा भाग बाजूला काढून ठेवला आणि त्याच्या जागी आपल्या हाताने बांधलेला, ठणठणीत असा बसवला. व्हॉल्व्ह स्पिरिटने पुसून पुन्हा बसवले. वीज हळूहळू चढवत नेली, आधी एका बल्बमधून, म्हणजे काही जळायचं असेल तर बल्ब आधी भगभगून सांगेल. यंत्रात माणूस मारण्याइतकी वीज असते, म्हणून काम करताना एक हात खिशात. दोन्ही हात आत घातले की वीज छातीतून जाते. खात्यातल्या नव्या पोरांना त्याने ही सवय ओरडून ओरडून लावली होती.

आणि मग ती रिकामी बैठक. तिच्या दोन खाचांत भाऊजींनी तारेचा तुकडा अडकवून ठेवला होता. तो दिसला आणि जुनी गाठ पुन्हा घट्ट झाली. टेबलाचा खण उघडला तर त्याचा तो व्हॉल्व्ह निघाला, मऊ फ्लॅनेलच्या चिंधीत गुंडाळलेला, वर दोरा बांधलेला. म्हणजे फेकला नव्हता, विकला नव्हता. जपून ठेवला होता आणि वापरला नव्हता! काट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने तारेचा तुकडा उपटून काढला आणि व्हॉल्व्ह बैठकीत दाबून बसवला. आता ऐका म्हणावं, ट्रान्समीटर कसा बोलतो ते.

काट्याकडे परवाना नव्हता, आणि परवान्याशिवाय हवेत एक टिंबही सोडायचा माणूस तो नव्हे. म्हणून एरियलच्या जागी त्याने साधा घरातला बल्ब जोडला. सगळी शक्ती बल्बात जिरणार, आणि जी काही थोडी इकडेतिकडे सांडेल ती अंगणापलीकडच्या रिसीव्हरला पुरे होती. ताईला फळीखाली खुर्ची दिली. स्वतः मागच्या खोलीत जाऊन चावी दाबली. जांभळा उजेड स्थिर. बल्ब पेटला, विझला, पेटला. त्याने खिशातल्या छोट्या रिसीव्हरला कान लावला. टी. टी. टी. सुतात ओवल्यासारखा सरळ सूर. त्याला इतका आनंद झाला की अंगण जवळजवळ धावत ओलांडलं.

ताई खुर्चीवर तशीच बसली होती.

"ऐकलंस?"

"हो."

"मग?"

"छान वाजतंय," ताई म्हणाली. "पण हे त्यांचं नाही रे."

"त्यांचंच आहे. त्यातला फक्त दोष काढलाय."

"असेल." तिने पदराने चष्मा पुसला. "चिमणी कुठाय?"

काट्याने कपाळाला हात लावला. मग तिच्यासमोर बसून, लहान मुलाला समजवावं तसं, विजेचा दाब, सुराचं घसरणं, आपण दिलेला व्हॉल्व्ह, सगळं सांगितलं. सांगता सांगता इतक्या वर्षांचं तुंबलेलंही बाहेर पडलं. "मी एवढा शोधून आणला, त्यांनी एक दिवस लावला नाही. मला किती लागलं होतं ते, ताई. बोललो नाही कधी."

ताईने चष्मा परत लावला. "कधी दिलास तो?"

"त्या वाढदिवसाला. मी तपकिरी कोट शिवला होता ना, त्या वर्षी."

"थांब," ताई म्हणाली. "त्या वर्षीच नाही का ते चहाचं झालं? चिमणी एकदम बंद झाली होती. आठवडाभर असेल. फळीवर नुसतं टी टी टी, कोण कुठला काही पत्ता लागेना. त्या डब्यात दुसरेही लोक ऐकू येतात की रे. निरोपाची खूण सगळ्यांची सारखीच. भलत्याच माणसाचा निरोप ऐकून मी आधण ठेवायची, हे यायचे अर्ध्या तासाने. चहा काळा कडू. आणि एकदा हे येऊन बसले तरी मी आपली वाट बघतेय. मी चिडले चांगली. म्हटलं, तुमचं काय ते बिघडलंय ते नीट करा, मला तुम्ही कोणते ते कळतच नाही."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी चिमणी परत. मी म्हटलं, झालं का दुरुस्त? म्हणाले, झालं."

काट्याला ती बैठक आठवली. बैठकीच्या खाचांवर व्हॉल्व्ह बसून निघाल्याचे ओरखडे होते. ते त्याने सकाळीच पाहिले होते आणि भाऊजींचा गलथानपणा म्हणून सोडून दिले होते. त्या व्हॉल्व्हची जातच अशी की तो काढला की पुढची वीज तुटते, ती तारेनेच जोडावी लागते. तारेचा तुकडा म्हणजे कंटाळा नव्हता. व्हॉल्व्ह लावून, आठवडाभर चालवून, मग काढून, जाणूनबुजून घातलेला तुकडा होता तो. आणि मेव्हण्याला वाईट वाटेल म्हणून माणूस त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. काट्याला लाज वाटली. साधी, सरळ लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी ते कळेना.

"तुला सांगितलं नाही त्यांनी, ते मी दिलेल्या व्हॉल्व्हमुळे झालं म्हणून?"

"छे. सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, राहू दे मेला, मी चहा उशिरा ठेवीन."

तो उठला. "सामान कधी निघतंय?"

"उद्या दुपारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी तो हजर. घरभर खोकी. भाची चिकटपट्टी दाताने तोडत फिरत होती. मामाला बघून म्हणाली, "मामा, ते यंत्र झालं ना दुरुस्त?"

"झालंय. आता बिघडवायला आलोय," काटा म्हणाला आणि मागे गेला. भाचीने आईकडे बघितलं, आईने नुसती मान हलवली.

बिघडवणं म्हणजे सोपं काम नव्हे, विचारा कोणत्याही तपासनिसाला. व्हॉल्व्ह काढला, तारेचा तुकडा परत अडकवला, चावी दाबली. टी. आता? त्याचा स्वतःचा वीजपुरवठा इतका ठणठणीत की दाब ढेपाळायला तयार नाही. मग तो काढला. भाऊजींचा जुना पुरवठा परत जोडला, तापायला लागला तर बंद करायच्या बोलीवर. नवे दणकट कंडेन्सर काढून लहान घातले. आता सूर जरा डळमळला.

"ताई!" त्याने खिडकीतून हाक मारली. "आता?"

"नाही!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "ही आजारी आहे!"

त्याने विजेच्या वाटेत तिला अडवणारा एक रोधक घातला. "आता?"

"अगं बाई, हा कावळा झाला!"

भाची अंगणात खोकं घेऊन उभी होती ती फिसकन हसली. काट्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आयुष्यभर त्याने काटे बरोबर जागी आणले होते. चुकीच्या जागी, पण नेमक्या त्याच चुकीच्या जागी आणायचं काम त्याला कोणी दिलं नव्हतं, आणि मापायला मीटर म्हणून होती ती एक म्हातारी बाई, फळीखाली बसलेली. रोधक अर्धा केला.

"आता जवळ आली," ताई ओरडली. "पण ही खाली पडतेय. त्यांची वर उडायची."

काटा डोकं खाजवत बसला. मग उजेड पडला. रिसीव्हर एका जागी खिळवलेला. त्या जागेच्या एका बाजूला ट्रान्समीटर लावला तर घसरणारा सूर खाली जाताना ऐकू येतो, दुसऱ्या बाजूला गेलं की वर. त्याने भट्टीच्या दाराचं ते बटण अलगद पलीकडे नेलं. बोट ठेवून ठेवून भाऊजींनी पत्र्याच्या पाटीवर एका जागी रंग घासून टाकला होता. बटण बरोबर त्या घासलेल्या जागेवर आलं. चावी दाबली. खिशातल्या रिसीव्हरमधून काय ते कळेना, तो वेगळ्या जागी लावलेला. त्याला निरोपाची खूण तेवढी येत होती, इतकी वर्षं बहिणीच्या घरी ऐकलेली. ती वाजवली. बल्ब तसा तसा पेटला, विझला.

"आता?"

उत्तर नाही.

त्याने खूण पुन्हा वाजवली. "ताई, आता?"

काहीच नाही. बाहेर भाचीही थांबलेली. जुना पुरवठा तापल्याचा वास यायला लागला होता. रिसीव्हर बंद पडला की काय? की तिला उठवेना? त्याने एक हात खिशात तसाच ठेवून खिडकीकडे मान केली. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. सगळी भांडी तर काल गुंडाळली होती. मग स्टो पेटल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. तो बसून राहिला. व्हॉल्व्हच्या तारा लाल दिसत होत्या.

आणि मग खिडकीतून हाक आली.

"अहो, या आता, गार होतोय!"

ती त्याची बहीण होती आणि तिने उभ्या जन्मात त्याला अरेतुरेशिवाय हाक मारली नव्हती. त्याला तशी हाक दुसऱ्या कोणीही कधी मारली नव्हती. भाची अंगणात खोकं खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

काट्याने चावीवर बोट ठेवलं. दोनदा दाबली. बल्ब दोनदा पेटला. मग तो खुर्चीवर टेकून बसला. पहिल्या हाकेला उठायचं नसतं, हे त्याला माहीत होतं. तो दुसरी हाक यायची वाट बघत राहिला.